सेट : अर्थ चौदावा

मुद्रितं परत आली तेव्हा 'सेट' या शब्दाच्या पानावर लाल पेन्सिलीने अकरा गोल काढलेले होते. कोशकारांना गोलांचं भय नव्हतं. रोजच्या बोलण्यात शिरलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, आणि 'ए'पासून 'एस'पर्यंत पोचेतो त्यांनी असे हजारो गोल पचवले होते. पण हे अकराही गोल एकाच अक्षराभोवती होते. कोशात प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी ते कुठून घेतलं त्याची खूण असते. वर्तमानपत्राचं नाहीतर लेखकाचं आद्याक्षर, असं काहीतरी. या अकरा वाक्यांपुढे फक्त 'घ.' असं होतं.

"काका, हे घ. कोण?" मुख्य संपादकबाईंनी विचारलं. "कोशामागच्या खुणांच्या यादीत सापडत नाहीत."

बाई वीस वर्षांपूर्वी कोशकारांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागल्या आणि आता त्यांच्या वरिष्ठ होत्या. दोघांनीही त्याचा कधी बाऊ केला नव्हता. कोशकारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खरं उत्तर अगदी सोपं होतं. घ. म्हणजे घर, आणि घर म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन दहा महिने झाले होते.

हे प्रकरण नीट कळायचं तर कोशाचं काम कसं चालतं ते आधी सांगायला हवं. तिथे सगळं पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कार्डांवर चाले. एक शब्द, एक वाक्य, एक कार्ड. कोशकार कोऱ्या कार्डांचे गठ्ठे घरी आणत, कारण कोण कधी काय बोलेल याचा नेम नसतो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बायकोच्या ध्यानात आलं की नवऱ्याला तोंडी काही सांगितलं तर तो "हं" म्हणतो, कागदावर लिहून ठेवलं तर त्या कागदावर चहाचा कप ठेवतो, पण कार्डावर लिहिलं तर मात्र वाचतो. तेव्हापासून तिने घरातला सगळा पत्रव्यवहार कार्डावर सुरू केला.

आता वाचतो म्हणजे काय, तर कोशकारांची नजर थेट इंग्रजी शब्दावर जाई. तो सापडला की त्याखाली रेघ, वर तारीख, कोपऱ्यात घ., आणि कार्ड पिशवीत. उरलेलं वाक्य म्हणजे शब्द ज्यात गुंडाळून आला तो कागद, एवढीच त्याची किंमत. एकदा तिने लिहून ठेवलं होतं, 'बाथरूमसमोरचं सिमेंट अजून सेट झालेलं नाही. पाय देऊ नका.' कोशकारांनी सेटखाली रेघ मारली, 'घट्ट होणे, आळणे. अर्थ सातवा' असं मनाशी ठरवलं आणि त्याच आनंदात सिमेंटमध्ये उजवा पाय घोट्यापर्यंत घातला.

तर बाईंनी विचारलं, आणि कोशकारांना दोन गोष्टी एकदम आठवल्या. पहिली म्हणजे नियम. कोशात काम करणाऱ्यांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या वाक्यांना उदाहरणात जागा नाही. पूर्वी एका सहायकाने आपल्या भाच्याची वाक्यं घुसवली होती आणि तो भाचाच मुळात नव्हता, तेव्हापासून हा नियम झाला. दुसरी गोष्ट म्हणजे, ही अकरा वाक्यं गेली तर तिचं म्हणून जगात काही राहणार नव्हतं. साड्या मुलीने वाटून टाकल्या होत्या. फोटोत ती नेहमी कडेला, अर्धी कापली गेलेली. याआधी तिचं एकही वाक्य त्यांनी छापायला दिलं नव्हतं. तिचं बोलणं तेवढं 'सेट'च्या पानावर होतं, आणि ते काढून टाकायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा निरोप देण्यासारखं होतं. शिवाय 'माझी बायको' हे शब्द नुसते उच्चारले तरी आवाज दगा देईल, अशी त्यांना धास्ती होती.

"लेखिका आहेत एक," ते म्हणाले. "फारशा प्रसिद्ध नाहीत."

एकतीस वर्षांत त्यांनी कोशात एकही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. सवय नसली की पहिलंच खोटं कसं अंगाशी येतं, ते त्याच दुपारी सल्लागार समितीच्या बैठकीत कळलं. या समितीत एक प्राध्यापक होते. एखादं पुस्तक आपण वाचलेलं नाही असं म्हणण्याची वेळ त्यांच्यावर आयुष्यात आलेली नव्हती आणि ती येऊ द्यायचा त्यांचा विचारही नव्हता. त्यांनी अकरा वाक्यं मोठ्याने वाचली. 'कपांचा सेट फुटला. एकच कप उरलाय, तो तुमच्यासाठी ठेवलाय.' 'केस सेट करून आलेय. काही फरक दिसला तर सांगा.' 'मुलगी म्हणते, इकडे मी छान सेट झालेय. आवाजावरून वाटत नाही.' वाचता वाचता त्यांनी डोळे मिटले.

"घ. यांचं गद्य मी तरुणपणीच वाचलंय," ते म्हणाले. "मोजकं लिहितात. पण काय ती एकाकी बाई उभी केलीय. आणि समोरचा तो पुरुष. एक शब्द बोलत नाही."

कोशकार म्हणाले, "नाही बोलत."

मग गोष्टी आपोआप घडत गेल्या. प्राध्यापकांनी सुचवलं की प्रस्तावनेत घ. यांच्यावर एक परिच्छेद हवा, आणि तो लिहायची तयारीही दाखवली. परिच्छेद असेल तर प्रकाशन समारंभाला त्यांना बोलावणं ओघानेच आलं. बोलावायचं तर आधी वाक्यं छापायला त्यांची लेखी परवानगी हवी, असं बाईंनी लक्षात आणून दिलं. परवानगीसाठी पत्ता हवा, आणि पत्ता होता. कारण फार पूर्वी नोंदवहीत घ. ही खूण चढवताना कोशकारांनी नियमाप्रमाणे पत्त्याचा रकाना भरला होता, आणि पत्त्याच्या बाबतीत खोटं लिहायचं त्यांना तेव्हा सुचलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा दाराच्या फटीतून आत टाकलेलं आपल्याच कार्यालयाचं पाकीट त्यांच्या पायाखाली आलं. वर लिहिलं होतं, 'श्रीमती घ. यांस'. आतला मजकूर त्यांना तोंडपाठ होता, कारण पंधरा वर्षांपूर्वी तो त्यांनीच तयार केला होता. आपली वाक्यं आम्ही घेतली आहेत, ती मूळ संदर्भासह पूर्ण वाचून पाहावीत, अर्थाचा विपर्यास झालेला नाही याची खात्री करावी आणि खाली सही करावी.

मुलगी चार दिवसांसाठी आलेली होती. तिने पत्र वाचलं, बापाकडे पाहिलं आणि हसायला लागली. हसणं थांबल्यावर म्हणाली, सही तर आई करू शकत नाही, पण वाचून पाहायला काय हरकत आहे. दुसऱ्या दिवशी रविवार होता. कोशकारांनी आदल्याच दिवशी कार्यालयातून 'सेट'ची पेटी घरी आणलेली होती. जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलून दोघांनी घ.ची कार्डं मांडायला घेतली. छापायला अकराच घेतली असली तरी पेटीत ती सदतीस होती.

कार्यालयात कार्डं अर्थाप्रमाणे लावतात. संच एकीकडे, घट्ट होणं दुसरीकडे, यंत्राची वेळ लावणं तिसरीकडे. मुलीला ते माहीत नव्हतं, म्हणून तिने ती तारखेप्रमाणे लावली. कोशकारांनी दोनदा टोकलं, मग गप्प बसले. कारण तारखेप्रमाणे लावल्यावर ती कार्डं कोशाची राहिली नव्हती. पंचवीस वर्षांचं घर टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलं होतं. टीव्हीचा सेट दुरुस्तीला जाऊन आला. मुलगी शिकायला गेली. कपांचा सेट आला, फुटला, पुन्हा आला नाही. मधे एक कार्ड होतं, 'शेजारणीचं आणि माझं आता मस्त सेट झालंय. बोलायला कुणीतरी मिळालं.' कोशकारांनी त्यावर अर्थ दहावा टाकलेला होता, 'सूर जुळणे'. शेवटच्या ओळीचा त्यांनी विचार केला नव्हता.

टेबलाच्या शेवटच्या टोकाला मुलगी थांबली. तिने एक कार्ड उचललं, वाचलं आणि बापापुढे ठेवलं.

'डॉक्टरांची वेळ मंगळवारी चारची सेट केलीय. तुम्ही याल का?'

सेटखाली नीटस रेघ होती. शेजारी कोशकारांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अर्थ चौदावा. वेळ ठरवणे, मुक्रर करणे. छान उदाहरण.' मागच्या बाजूला कार्यालयाचा प्राप्तीचा शिक्का होता. शिक्क्यातला दिवस मंगळवारच होता.

"बाबा, तू हे वाचलं होतंस?"

"वाचलं होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही."

"मी आले होते तेव्हा. आईने फोन केला होता. तिथे बाकावर बसल्यावर मी विचारलं, बाबा कुठेत, तर म्हणाली कार्ड ठेवलंय त्यांच्या पिशवीवर, येतील. पाच वाजेपर्यंत ती दाराकडेच बघत होती. डॉक्टर काय सांगत होते ते मीच ऐकलं." मुलीचा आवाज शांत होता, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण होतं. "नंतर मला म्हणाली, त्यांना काही बोलू नकोस. कामात असतील."

कामातच होते. कोशकारांना तो मंगळवार स्वच्छ आठवला, कारण तो चांगला गेला होता. तेराव्या आणि चौदाव्या अर्थात फरक आहे की नाही यावर त्यांचं महिनाभर अडलं होतं, आणि त्या दिवशी एका कार्डाने तो प्रश्न सुटला. यंत्राची वेळ लावणं वेगळं आणि दोन माणसांत वेळ ठरवणं वेगळं. एकाला एकच माणूस पुरतो, दुसऱ्याला दोघं लागतात. हे सुचलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते आणि त्यांनी खुशीत एक जादा चहा मागवला होता. ते टेबलाशी बसून रडले. मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने कार्डं बाजूला सरकवली, भिजू नयेत म्हणून. शेवटी तीही त्यांचीच मुलगी होती.

सोमवारी त्यांनी बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. नियम मोडला, खोटं बोललो, अकराही उदाहरणं काढून टाका, असं एका दमात म्हणून ते उभे राहिले.

"बसा, काका," बाई म्हणाल्या. "पत्रावर पत्ता मीच घातला होता. वीस वर्षांत तुमच्या घराचा पत्ता मला पाठ होणार नाही का? म्हटलं, घरी गेल्यावर तरी तुम्ही ते वाचाल." मग त्यांनी विचारलं की यातलं एखादं वाक्य रचलेलं आहे का. नाही, ते म्हणाले. नियम रचलेल्या वाक्यांसाठी आहे, बाई म्हणाल्या, आणि मागच्या यादीत 'घ. : घर' एवढंच लिहा. प्रस्तावनेतला परिच्छेद त्यांनी तिथल्या तिथे रद्द केला. प्राध्यापकांना मात्र ही बातमी हळूहळू द्यावी लागली. ती ऐकून ते म्हणाले, टोपणनाव असणार हे मला वाटलंच होतं.

प्राध्यापकांचा सूड म्हणा किंवा नशीब म्हणा, पण पान एका ओळीने वाढलं. 'घर' या खुणेमुळे नव्हे, छापखान्याने अक्षर किंचित मोठं घेतलं म्हणून. एक ओळ कमी करायची होती आणि प्राध्यापकांना ती बरोबर सापडली. 'तुम्ही याल का?' हे शब्द काढावेत, कारण अर्थ त्याआधीच पूर्ण झाला आहे. कोशाच्या कायद्याने ते शंभर टक्के बरोबर होतं. असली किती शेपटं कोशकारांनी स्वतःच्या हाताने कापली होती, त्याची गणतीच नाही.

"ते राहू दे," कोशकार म्हणाले.

"का बरं? अर्थाला त्याची गरज काय?"

"अर्थाला नाही."

मग एक ओळ आणायची कुठून? कोशकारांनी मुद्रित पुढे ओढलं आणि पानाच्या डोक्यावरची व्युत्पत्ती काढली. ती त्यांच्या आयुष्याची कमाई होती. 'सेट' हा मुळात एक शब्द नाही, हे सांगायला त्यांना दोन वर्षं लागली होती. बसवणे, ठेवणे हा सेट जुन्या इंग्रजीच्या घरचा. संच, समूह हा सेट लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आलेला, आणि त्याचं मूळ कुणाच्यातरी मागोमाग जाण्यात आहे. दोन वेगळ्या घरांतले दोघं एकाच नावाखाली इतकी शतकं नांदले की कोण कुठून आलं हेसुद्धा लोक विसरले. एवढं सगळं त्यांनी तीन ओळींत बसवलं होतं आणि ते वाचायला परगावचे जाणकार येतील अशी त्यांना खात्री होती. त्यांनी पेन्सिल घेतली आणि तीन ओळींच्या दोन केल्या. दोन घरांचा सगळा भाग गेला. प्राध्यापकांनी खांदे उडवले. बाईंनी पानावर 'छापा' असं लिहिलं.

खंड बाहेर पडला. समारंभ झाला, हार झाले, प्राध्यापकांचं भाषण लांबलं. त्यानंतर, कोशांचं होतं तसंच झालं, म्हणजे काहीच झालं नाही. कुणी अभिप्राय कळवला नाही, कुणी चूक काढली नाही. व्युत्पत्तीची एक ओळ गेली याचं जगात कुणालाही दुःख झाल्याचं दिसलं नाही.

चार महिन्यांनी एक पत्र आलं. एका शाळेच्या ग्रंथपालबाईंचं होतं. या खंडाबद्दल वाचकाने पाठवलेलं ते पहिलंच पत्र, म्हणून ते कार्यालयात हातोहात फिरून मग कोशकारांकडे आलं. ग्रंथपालबाईंनी अक्षर वळणदार ठेवून लिहिलं होतं :

'आपल्या कोशातला सेट या शब्दाचा चौदावा अर्थ मला समजला. त्याबद्दल शंका नाही. पण उदाहरणात त्या बाईंनी विचारलं आहे, तुम्ही याल का? तर मग ते गेले का? मी पुढचं पानही पाहिलं. तिथे सेटी हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ लांब बाक असा दिला आहे. कृपया कळवावे.'

वाचकाच्या शंकेला आठ दिवसांत उत्तर द्यायचं, असा कोशाचा दंडक आहे. उत्तर एका कार्डावर, जमेल तितक्या थोड्या शब्दांत, आणि ज्याने शब्द केला त्याने स्वतः लिहायचं. कोशकारांनी पहिल्या कार्डावर लिहिलं की असा प्रश्न कोशाच्या कक्षेत येत नाही. ते फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं की उपलब्ध साधनांवरून याबाबत निश्चित सांगता येत नाही. हे तर धडधडीत खोटं होतं, तेही फाडलं. सात दिवस ते पत्र पिशवीत घेऊन घरी गेले आणि परत आले. आठव्या दिवशी त्यांनी तिसरं कार्ड घेतलं आणि न थांबता लिहिलं :

'नाही. चार वाजता मी याच वाक्याचा अर्थ लावत बसलो होतो.'

खाली सही करून त्यांनी ते संपादकबाईंकडे नेलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक उत्तरावर मुख्य संपादकांनी 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून सही करायची असते. बाईंनी कार्ड वाचलं, कोशकारांकडे न पाहता परत एकदा वाचलं, आणि पेन उचललं. मग त्यांनी नुसतं 'तपासले' लिहिलं आणि सही केली.